माझ्या नावाचा ठेका

आमच्या घरात बोललेलं कुणाला ऐकू यायचं नाही, आणि मला ते फार बरं वाटायचं. खाली टॉवेलचे यंत्रमाग आणि वर आम्ही. सकाळी नायना, म्हणजे माझे वडील, माग सुरू करायचे आणि मग सगळं घर खटखटत राहायचं. फळीवरची भांडी किणकिणायची, पिंपातल्या पाण्यावर बारीक गोल रेषा उठायच्या. नायना आणि अम्मा एकमेकांशी खुणांनीच बोलायचे. ओठांकडे बोट नेलं की चहा, तळहात पालथा केला की थांब, कपाळावर हात मारला की कारखानदार येतोय. सोलापूरच्या पूर्व भागात आमच्यासारख्या तेलुगू विणकरांच्या घरोघरी ही मुकी भाषा चालायची, आणि तिच्यात मी कुणापेक्षा कमी नव्हते. उलट नायना म्हणायचे, कवितासारखी खूण कुणाची नाही, लांबून पण कळते. वीज गेली की मात्र घर एकदम गप्प व्हायचं आणि मी दाराआड सरकायचे. आता कुणीतरी मला काहीतरी विचारणार.

मी तोतरी होते. होते कसली, आहेच. पण आता त्याला बरी नावं निघाली आहेत आणि लोक निदान तोंडावर हसत नाहीत. तेव्हा गल्लीत मला तोतरीच म्हणायचे, तेही रागानं नव्हे, एखाद्याला उंच किंवा काळा म्हणावं तसं. बाकीची अक्षरं मी कशीबशी ढकलून न्यायचे, पण 'क' आला की दार लागायचं. आणि माझं नाव कविता. हे नाव आजीनं ठेवलं होतं, तिचा काही दोष नाही. दोन वर्षांची होईपर्यंत मी बोलतच नव्हते, तर कळणार कसं? पण शाळेत, दवाखान्यात, बसमध्ये, जिथे म्हणून माणूस नवा, तिथे पहिला प्रश्न तोच. नाव काय? तो प्रश्न समोरून येताना मला लांबूनच दिसायचा.

माझ्या वतीनं बोलायचा तो सिनू. माझ्याहून तीन वर्षांनी लहान भाऊ, पण तोंड त्याचं मोठं. मी दुकानात 'स-स' म्हणेपर्यंत हा मागून साखर, चहापत्ती, काडेपेटी सगळं सांगून मोकळा व्हायचा. मी वाक्य सुरू करायचं आणि त्यानं संपवायचं, अशी आमची वाटणीच होती. कधी तो भलतंच संपवायचा. मला दही हवं असायचं आणि तो ताक सांगायचा. मग मी ताक प्यायचे. पुढे तो कॉलेजात गेला, कानात वायर घालून फिरायला लागला, आणि जेवताना, अंघोळ करताना, नायनांना सुताच्या कांड्या भरून देताना तोंडातल्या तोंडात रॅप म्हणायला लागला. तेलुगू, मराठी आणि शेजारच्या मोहल्ल्यातली दखनी असं सगळं त्यात एकत्र शिजायचं. अम्मा अंगणात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेली असायची. ती म्हणायची, "ह्याला कुठं दाखवायला न्यावं का की? दिवसभर भांडतोय कुणाशी तरी." रात्री चिंचेचा चारू, म्हणजे पातळ सार, आणि भात, सोबत शेंगाचटणी. अम्माच्या बोटांना तंबाखूचा वास असायचाच, कितीही धुतली तरी. आजही कुठे तसा वास आला की मला भातच आठवतो.

व्हायोलिन माझ्या आयुष्यात औषध म्हणून आलं. दवाखान्यातल्या कुणीतरी अम्माला सांगितलं की गाताना तोतरेपणा येत नाही, पोरीला गाणं शिकवा. अम्मा मला इनामदार सरांकडे घेऊन गेली. ते शाळेतून निवृत्त झालेले संगीतशिक्षक, एकटे राहायचे. गाताना मी खरंच अडखळत नव्हते, पण आवाज असा होता की सरांनी दुसऱ्याच दिवशी कपाटावरची व्हायोलिनची काळी पेटी खाली काढली. "हिच्याकडून गाऊन घे," म्हणाले. गज तारेवरून जिथून सुरू होतो तिथून सुरू होतो, मध्ये कुणी दार लावत नाही. मला पहिल्यांदा वाटलं की मी एक पूर्ण वाक्य बोलले. माझ्याकडे आता मुलं व्हायोलिन शिकायला येतात. पहिल्या दिवशी मी कुणालाही नाव विचारत नाही. आई-बापांना ते जरा उद्धटपणाचं वाटतं.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा शहरातल्या एका सांस्कृतिक मंडळानं सरांना विचारलं, नव्या पोरांचं काही करता येईल का? सरांच्या क्लासमध्ये सिनू मला आणायला यायचा आणि पायरीवर बसून तोंडानं ठेके काढायचा. सरांनी त्याला आत बोलावलं. "हे जे तू बडबडतोस, त्याच्यामागे आमचा वाद्यवृंद वाजला तर?" सिनू हसायला लागला. मग सरांचा चेहरा पाहून थांबला. "सर, खरंच म्हणतायसा?" सर खरंच म्हणत होते. त्यांना रॅप कळत नव्हता, पण एक गोष्ट कळली होती. "ह्याच्यात सूर नाही म्हणतात लोक. ठीक. बोलणारा सूर देत नाही, तर सूर आपण देऊ. तो ठेका धरेल, आपण आभाळ धरू."

मग आमच्या क्लासची व्हायोलिनं, सरांच्या मित्राचा चेलो, दोन बासऱ्या, आणि लग्नाच्या बँडमधून आणलेले एक क्लॅरिनेट आणि एक ट्रंपेट असा संसार उभा राहिला. सिनू मोबाईलवर ढोबळ बीट आणायचा, तोंडानं धून म्हणून दाखवायचा, आणि सर त्याची वाटणी करून प्रत्येकाला लिहून द्यायचे. जे संगणकात ढब-ढब वाजायचं ते चेलोवर बोटांनी छेडलं जायचं. रेकॉर्ड घासल्याचा आवाज यावा म्हणून सरांनी आम्हाला गज तारेवर दाबून ओढायला लावला. एरवी असा आवाज काढला असता तर त्यांनी पेटी बंद करायला सांगितली असती. "वाईट वाजवा!" ते ओरडायचे. "अजून वाईट!" म्हातारा माणूस पोरासारखा लाल झाला होता.

तीन गाणी होती. पहिली दोन सिनू तालमीत पूर्ण म्हणायचा. तिसऱ्याचे शब्द अजून पक्के नाहीत म्हणाला. "तुम्ही वाजवा सर, मी मनात मोजतो." त्याची धून मात्र त्यानं सरांना नीट देऊन ठेवली होती. तीन छोटे आघात, क्षणभर थांबा, आणि मग एक लांब, वर चढत जाणारा सूर. सर म्हणाले, ही सुरुवात कविता एकटी वाजवेल, बाकीचे तिच्या मागून येतील. मला एकटीला वाजवायला मिळालेलं ते पहिलंच. मी घरी ती धून घोटून घोटून वाजवली. तीन तुकडे, थांबा, लांब सूर. अम्माची बोटं विडीचा दोरा त्याच तालात गुंडाळायला लागली. शेजारची बाई पाणी भरताना ते गुणगुणायची. खालून नायनांनी एकदा माग बंद करून वर पाहिलं आणि खूण केली, परत एकदा. सिनू दारात उभा राहून ऐकायचा. त्याचे डोळे चमकायचे. "अक्का, लई भारी," एवढंच म्हणायचा.

कार्यक्रम रविवारी सकाळी होता. नाट्यगृह भरलं होतं. अम्मा तिची जांभळी इरकल नेसून आली होती, नायनांनी पांढरा शर्ट घातला होता, आणि आमची अर्धी गल्ली मागच्या रांगांत होती. पहिली दोन गाणी झाली, टाळ्या झाल्या. तिसऱ्याच्या आधी सिनू माईकशी आला आणि म्हणाला, "हे गाणं माझ्या अक्काचं. ही बघा, इथं बसलीय." त्यानं माझ्याकडे हात केला. मी लाजून हसले. सरांनी खूण केली. मी तीन तुकडे वाजवले.

आणि माझ्या तिसऱ्या तुकड्यावर सिनू बोलला, "नाव काय तुझं?" मी पुन्हा तीन तुकडे वाजवले, तसंच लिहिलं होतं, आणि त्याच वेळी तो माईकमध्ये म्हणाला, "क-क-क."

आधी लोक हसले. मग मागच्या रांगांतून, आमच्याच गल्लीतून, कुणीतरी टाळीचा ताल धरला. क-क-क, थांबा. महिनाभर मी जे घोटत होते ते माझं तोंड होतं. मी ते चारचौघांत कधी नीट ऐकलं नव्हतं, स्वतःचं कोण ऐकतं, आणि आता ते माझ्याच हातून निघत होतं, स्वच्छ, सुरात, मागून सगळ्या व्हायोलिनांनी उचललेलं. हात थांबवता आला असता. मी अजूनही कधीकधी विचार करते, का थांबवला नाही. पण वाद्यवृंदात बसलेल्या माणसाचा हात त्याचा एकट्याचा नसतो. माझा सूर गेला असता तर सगळ्यांचीच पडझड झाली असती. मी मान खाली घालून वाजवत राहिले आणि वरून शब्द पडत राहिले. मी जिथे जिथे अडले होते ते एकेक येत गेलं. बसचा कंडक्टर आला. रेशनच्या दुकानातली रांग आली. आणि मग ते आलं, जे घराबाहेर कुणालाही माहीत नव्हतं.

"नाव विचारलं पाहुण्यानं, चहा झाला गार,
क-क-क वर थांबली अक्का, पाहुणे झाले पसार!"

त्याच वर्षी मला बघायला पाहुणे आले होते. मुलाच्या आईनं नाव विचारलं. मी उभी राहिले, दार लागलं, आणि ते उघडेचना. सिनू तेव्हा मिठाई आणायला गेला होता. बाई बराच वेळ माझ्या ओठांकडे पाहत राहिल्या आणि मग अम्माला म्हणाल्या, "मुकी आहे का हो? आधी सांगायचं की." कपातला चहा तसाच ठेवून ते उठले. अम्मानं गल्लीत सांगितलं होतं की पत्रिका जुळली नाही.

मी डोळे वर केले तेव्हा अम्मा पदर तोंडाला लावून रांगेतून बाहेर पडत होती, लोकांचे गुडघे ओलांडत. आणि तिच्या शेजारच्या खुर्चीपुढे नायना उभे राहून टाळ्या वाजवत होते. मागाच्या आवाजानं त्यांचे कान केव्हाच अर्धे गेले होते. त्यांना शब्द पोचलेच नव्हते. पोरीनं वाजवलेली, घरात महिनाभर ऐकलेली धून तेवढी त्यांना ओळखू आली होती, आणि लोक खूष आहेत हे दिसत होतं. ते माझ्याकडे बघून खूण करत होते, परत एकदा, परत एकदा.

घरी अम्मानं सिनूला उंबऱ्यातच अडवलं. आम्ही घरात तेलुगूच बोलायचो, पण रागावली की तिची मराठी सुरू व्हायची. "काय केलास रे हे? घराची अब्रू टाळ्यांसाठी विकलास?"

"टिंगल न्हाय केली अम्मा. शेवट ऐकलीस का तू? शेवट ऐक की."

"शेवट ऐकायला कोण थांबलं होतं बे तिथं?"

तो माझ्याकडे वळला. "अक्का, तू तर ऐकलीस. सांग की हिला." मी काहीच ऐकलं नव्हतं. माझ्या कानांत नुसतं रक्त वाजत होतं. मी खोलीत गेले आणि पेटी पलंगाखाली सरकवली. नायना एकाकडून दुसऱ्याकडे बघत होते, काय झालं ते त्यांना कुणी सांगेना. शेवटी अम्मानं एकच खूण केली. जिभेला बोट लावलं, माझ्याकडे दाखवलं आणि हात हवेत पसरला. म्हणजे, हिचं अडखळणं सगळीकडे झालं. नायना मटकन खाटेवर बसले. आपण कशाला टाळ्या वाजवल्या हे त्यांना तेव्हा कळलं. त्या दिवशी त्यांचा चेहरा बघवत नव्हता, आणि मला वाटलं, हेसुद्धा माझ्याच जिभेमुळे.

व्हिडिओ मोबाईलवरून मोबाईलवर गेला. नळावर पोरं मला बघून क-क-क करायला लागली, चिडवायला नव्हे, गाणं म्हणून, नाचत. ते जास्त वाईट होतं. चिडवणाऱ्यावर चिडता तरी येतं. मी क्लास सोडला, कॉलेजही परीक्षेपुरतं ठेवलं. बाहेर जायचं तर स्कार्फ तोंडावरून घट्ट बांधून जायचं. सोलापूरच्या उन्हात ते कुणाला वेगळं वाटत नाही.

एके दिवशी इनामदार सर घरी आले. माग चालू होते म्हणून त्यांना ओरडून बोलावं लागत होतं, आणि त्यांना जे बोलायचं होतं ते ओरडण्याजोगं नव्हतं. शेवटी नायनांनी खाली जाऊन माग बंद केले. सर म्हणाले, "कविता, मला वाटलं तो यंत्रमागाचा ठेका आहे. तुमच्या घरातला. देवाशपथ मला कळलं नाही. मीच तुला पुढे बसवलं." मग म्हणाले की पुण्याहून बोलावणं आलंय, मोठ्या कार्यक्रमात हे तिसरं गाणं हवंय, आणि सिनूनं त्यांना नाही म्हणून सांगितलंय. "अक्का नसेल तर गाणं नाही म्हणतो. मी तुला गळ घालायला आलेलो नाही. तो घरी हे सांगणार नाही, म्हणून सांगतोय."

सर गेल्यावर मी सिनूचा मोबाईल मागून घेतला आणि तो व्हिडिओ शेवटपर्यंत ऐकला. हसण्याच्या आवाजाखाली शब्द बुडाले होते, तीन-चारदा ऐकल्यावर लागले.

"तिला नव्हती घाई रे, घाई होती मला,
तिचा शब्द तोडून तोडून माझा रॅप झाला."

सिनू भिंतीला टेकून बसला होता. मी बोलायला सुरुवात केली. पाहुण्यांचं कडवं काढ, ते अम्माचं आहे, तुझंही नाही आणि माझंही नाही. ते काढलंस तर मी वाजवीन. एवढंच सांगायला मला फार वेळ लागला. तो मध्ये बोलला नाही. शेवटी म्हणाला, "काढतो." आणि मग, "मला वाटलं तुला आवडंल, अक्का. खरंच वाटलं." तो खोटं बोलत नव्हता. त्याची हीच अडचण होती की त्यानं प्रेमानं केलं होतं. मी अम्मासारखं ओरडू शकत नव्हते आणि त्याला माफ केलं असंही मला वाटत नव्हतं.

पुण्याचं सभागृह थंडगार होतं. गाणं चांगलं झालं. कडवं काढलेल्या जागी सरांनी नुसता चेलो आणि क्लॅरिनेट ठेवलं होतं, आणि लग्नाच्या बँडमधल्या त्या माणसानं तिथे असं काही वाजवलं की मी स्वतःला थोडा वेळ विसरले. लोक उभे राहिले. मग निवेदिका माईक घेऊन आली आणि म्हणाली, आता कलाकार स्वतःच आपली ओळख करून देतील. असं काही ठरलेलं नव्हतं. माईक पहिल्या खुर्चीपासून निघाला, आणि पहिली खुर्ची माझी होती.

मी उभी राहिले. "क-क-क," मी म्हणाले.

सभागृहात एकदम शिट्ट्या झाल्या. त्यांना वाटलं, मी गाणंच पुढे नेतेय. कुणीतरी ताल धरला आणि सगळ्यांनी उचलला. क-क-क, टाळी. निवेदिकाही टाळी देत होती. माझ्या ओठांवर ते अक्षर अडकून बसलं होतं आणि शेकडो माणसं त्याला साथ देत होती. मी सिनूकडे पाहिलं. तो पांढराफटक पडला होता. तो पुढे झाला, माईककडे हात केला, आणि मी माईक सोडला नाही. का, ते मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही नीट सांगता येणार नाही. इतकंच आठवतं की तेव्हा खाली बसले असते तर त्या टाळ्या खऱ्या ठरल्या असत्या, आणि क-क-क हेच माझं नाव.

मी थांबले नाही. अक्षर परत घेतलं, परत अडकलं. टाळ्या हळूहळू विस्कटल्या. पुढच्या रांगेतल्यांना आधी समजलं. त्यांचे हात मांडीवर आले. मग मागे मागे शांतता पसरत गेली, एकेका रांगेनं, आणि शेवटी फक्त मी उरले, भर उजेडात, तोंड वेडंवाकडं करत. पुढच्या खुर्चीतल्या एका बाईनं मान खाली घातली. तिच्या शेजारचा माणूस चष्मा पुसायला लागला. मी लहानपणापासून लाजतच जगले होते, पण लाज समोरून कशी दिसते ते मी तोवर पाहिलं नव्हतं. ती पाहून मला जिंकल्यासारखं वाटलं नाही. त्या बाईला सांगावंसं वाटलं की असू द्या हो, तुम्हाला काय माहीत.

"कविता," मी म्हणाले. आणि सुरू केलंच होतं, म्हणून पुढचंही म्हणाले. "सो-सोलापूर."

कुणी टाळी वाजवली नाही. वाजवावी की नाही हे त्यांना कळत नव्हतं. मी माईक शेजारच्या मुलीच्या हातात दिला आणि खाली बसले. माझे कान तापले होते, पाठीवरून घाम चालला होता. शेजारच्या मुलीनं आपलं नाव भरकन सांगितलं, कुणाला ऐकूही आलं नाही. माईक पुढच्या खुर्चीकडे गेला.